बर्फाखालचा गाळ आणि दिल्लीतले बारा दिवस

मी दिल्लीला जाऊन आले हे कळल्यावर वेंगुर्ल्यात शेजाऱ्यांनी पहिल्यांदा विचारलं ते लाल किल्ल्याबद्दल. तो पाहिला नाही म्हटल्यावर कुतुबमिनाराबद्दल. तोही नाही. मग बारा दिवस तिथे केलंत काय, असं विचारून माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहतात. थोडक्यात उत्तर द्यायचं तर ते असं होतं: अंटार्क्टिकाच्या बर्फाखालचा चिखल किती वर्षांपूर्वीचा आहे ते बघायला गेले होते. एवढं ऐकलं की लोक विषय बदलतात. म्हणून जरा बैजवार लिहिते.

मी समुद्राकाठच्या एका संशोधन संस्थेत तंत्रसाहाय्यक आहे. वय छप्पन्न. अंटार्क्टिकाला मी कधी गेले नाही, पण तिथला गाळ गेली वीस वर्षं माझ्या हातांतून जातो आहे. तिथे किनाऱ्याला जमिनीवरचा बर्फ सरकत सरकत समुद्रावर येतो आणि न तुटता तसाच पाण्यावर तरंगत राहतो. घरापुढे पडवी काढावी तसा. ही पडवी शेकडो मीटर जाड असते. आमचे प्रमुख डॉ. मेनन एका मोहिमेबरोबर गेले होते, तेव्हा गरम पाण्याच्या झोतानं या पडवीला आरपार भोक पाडलं, खालच्या समुद्रात नळी सोडली आणि तळाचा गाळ नळीत भरून वर काढला. हातभर लांब, राखाडी, लोण्यासारखा मऊ. त्यात वरचा थर अलीकडचा आणि खालचा जुना. थरांची वयं कळली की बर्फाची ती पडवी तिथे कधीपासून आहे, मध्ये कधी मागे हटली होती का, ते कळतं.

वय काढायची रीत सांगायला सोपी आहे. जिवंत प्राणी कार्बन घेतो, त्यात अगदी थोडा किरणोत्सारी असतो. प्राणी मेला की तो भाग झिजत जातो, साधारण पावणेसहा हजार वर्षांत निम्मा होतो. किती उरला ते मोजायचं.

आम्ही त्या गाळाचे पाच तुकडे केले, वरून खाली एक ते पाच असे नंबर दिले आणि आधी नुसता गाळच मोजून घेतला. उत्तरं आली तेव्हा दुसरा तुकडा तिसऱ्यापेक्षा बराच जुना निघाला होता. म्हणजे वरचा थर म्हातारा आणि खालचा तरुण. बाकी सगळं क्रमात. मेननसरांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले की गाळ वर काढताना ढवळला गेला असेल, किंवा बर्फानं कुठून तरी जुनी माती ओढून आणून त्यात मिसळली असेल. मी तो कागद फायलीत लावला. मला तिसरं एक कारण दिसत होतं.

गाळ कापला होता मी. शीतखोलीत स्वेटर घालून कापत होते आणि दुसरा, तिसरा तुकडा पिशव्यांत भरून ठेवला होता, चिठ्ठ्या लावायच्या बाकी होत्या. तेवढ्यात घरून फोन आला की आई मोरीत पाय घसरून पडली, उठता येत नाही. मी बाहेर जाऊन फोन घेतला, आत येऊन दोन्ही पिशव्यांना चिठ्ठ्या डकवल्या, उरलेलं सहकाऱ्याच्या हवाली केलं आणि निघाले. आईचं मोडलेलं हाड सांधलं, ती आता काठी न घेता फिरते. पण उत्तरं आली त्या दिवसापासून मी एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होते: डावीकडची पिशवी कुठली होती? दोन आणि तीन यांची नुसती अदलाबदल केली की सगळी वयं कशी जागच्या जागी बसत होती.

परत कापायची सोय नव्हती. नळीतला गाळ उभा चिरून आम्ही अर्ध्याचेच तुकडे केले होते, दुसरा अर्धा इतर चाचण्यांत संपला होता. एकच रस्ता उरला होता. त्याच पिशव्यांतल्या गाळात खसखशीहून बारीक अशा समुद्री जीवांची कवचं असतात. नुसत्या गाळात हजार ठिकाणची जुनी माती मिसळलेली असू शकते, पण हे जीव त्या त्या वेळी तिथेच जगलेले आणि तिथेच मेलेले. चिठ्ठ्या उलट लागल्या असतील तर कवचांतही दुसरा तिसऱ्याहून जुना निघणार, बरोबर असतील तर क्रम नीट येणार. बर्फाखाली ही कवचं फार थोडी सापडतात. मेननसर म्हणाले, कोण वेचणार. मी म्हटलं, मी वेचते. दीड वर्ष मी सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कवच उचलत होते. माझ्या चिकाटीचं संस्थेत कौतुक झालं. चिकाटी कसली, भीती होती. आणि दिल्लीला कवचं तपासून घ्यायची ठरलं तेव्हा ती कुरिअरनं पाठवायचं सरांच्या जिवावर आलं, म्हणून मलाच पाठवलं.

विमानतळ

पाच काचेच्या चिमुकल्या बाटल्या मी कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि डबा पर्समध्ये. बरोबरच्या पिशवीत सोलं, कुळथाचं पीठ आणि खडखडे लाडू. सुरक्षा तपासणीत लाडवांकडे कुणी पाहिलं नाही, डबा मात्र बाजूला काढला. तपासणाऱ्या बाईनं एक बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, “मॅडम, इसमें तो कुछ है ही नहीं।” मी तिला तळाशी चिकटलेली पांढरी भुकटी दाखवली. तिनं शंकेनं विचारलं, ही कसली पावडर? आता आली पंचाईत. संस्थेचं पत्र काढून दाखवलं. तिनं ते वाचलं, वरच्या साहेबाला दाखवलं, त्यानंही वाचलं आणि मला विचारलं की तिथे खरंच पेंग्विन असतात का. मी असतात म्हटलं. त्यानं डबा स्वतः नीट बंद करून माझ्या हातात दिला. विमानात बसल्यावर मी पहिल्यांदा पाठ टेकली.

लक्ष्मीबाई नगर

उतरले सुहासिनी साळवेकडे. कोल्हापूरला वसतिगृहात आम्ही तीन वर्षं एका खोलीत होतो. तिचा नवरा विजय केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे, दोघंही मूळचे नगरचे, ख्रिस्ती. सव्वीस वर्षं दिल्लीत. जानेवारीचा दुसरा आठवडा होता तरी गॅलरीत नाताळचा कागदी तारा लटकत होता. धुकं गेलं की उतरवू, असं विजय म्हणाले, आणि धुकं काही जात नव्हतं.

थंडीबद्दल मला वाटलं होतं की शीतखोलीत जन्म गेला, मला काय होणार. पण शीतखोलीतून बाहेर आलं की आमच्याकडे लगेच घाम फुटतो. इथे बाहेर यायला जागाच नाही. घरातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. अंघोळीचं पाणी अंगावर घेतल्यावर दुसरा तांब्या भरेपर्यंत हुडहुडी. सुहासिनीनं पहिल्याच सकाळी मला तिचे लोकरीचे पायमोजे, विजयांची कानटोपी आणि मुलीची शाल असं चढवलं. मुलगी ऋता अकरावीत. जन्म दिल्लीचा, त्यामुळे मराठी बोलते पण मधले मधले शब्द सांडलेले. “मावशी, गाळ मतलब?” असं तिनं विचारलं. मी म्हटलं, पाण्याच्या तळाशी बसलेला बारीक चिखल. मग तिनं चिखल म्हणजे विचारलं. विजयांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं, “कीचड.” तेव्हा तिला दोन्ही कळले.

जेवणाआधी विजय मराठीतून लहानशी प्रार्थना म्हणत. पहिल्या दिवशी त्यात माझ्या बाटल्यांचाही उल्लेख झाला. जेवणात नगरहून आणलेल्या पिठाची बाजरीची भाकरी, आणि तिच्यावर चक्क सरसोंची भाजी. दिल्लीत राहून तिनं ही सोयरीक जमवली होती. आम्ही भाताची माणसं, पण त्या थंडीत मला आठ दिवस भाताची आठवण झाली नाही.

प्रयोगशाळा

प्रयोगशाळा दक्षिण दिल्लीत, झाडीत लपलेली. रिक्षावाल्याला मी हिंदीत “जाँच करानी है” एवढंच धड सांगू शकले आणि त्यानं मला इस्पितळाच्या दारात नेलं. तिथून चालत गेले.

तिथल्या प्रमुख डॉ. कौल, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या काश्मिरी बाई. त्यांनी पाचही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि किती महिने लागले विचारलं. मी दीड वर्ष म्हटल्यावर त्यांनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं आणि स्वतः चहा आणून दिला. मग मला ज्याच्या हवाली केलं तो राजबीर. चाळिशीचा, उंच, रोहतककडचा, हात मात्र सोनाराचे. कवचं आम्लात विरघळवायची, निघालेला वायू काचेच्या नळ्यांत पकडायचा, त्यातून कार्बन वेगळा काढून त्याची काळी भुकटी करायची आणि ती टाचणीच्या डोक्याएवढ्या खळग्यात ठोकून बसवायची, हे सगळं काम त्याचं. मग त्या भुकटीवर यंत्र काम करतं आणि किरणोत्सारी कार्बनचे अणू जवळजवळ एकेक करून मोजतं.

विरघळवली की कवचं संपली. परत मिळत नाहीत. हे मला माहीत होतं, पण राजबीरनं आम्लाची बाटली टेबलावर ठेवली तेव्हा नव्यानं कळलं.

पहिला नमुना ठीक झाला. दुसऱ्याच्या वेळी गडबड झाली. वजन करण्यासाठी राजबीरनं बाटली पातळ पत्र्यावर उपडी केली आणि कवचं पत्र्यावर पडायच्याऐवजी उडाली. खरंच उडाली. काही बाटलीच्या काचेला वरून चिकटली, काही टेबलावर गेली, काही कुठे गेली दिसेना. आमच्याकडच्या दमट हवेत असं कधीच होत नाही. इथे खोलीत हीटर लावून लावून हवा वाळली होती आणि मी लोकरीची शाल पांघरून अगदी जवळ वाकले होते. राजबीरनं हात तसाच हवेत धरून ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “मॅडम जी, साँस मत लो। शाल उतार के पीछे रख दो।”

मी शाल काढली. दुसरीच बाटली होती ती. पाचांतली कुठलीही उडाली असती तर मी रडले असते, पण दुसरी उडाली तेव्हा रडूही येईना. राजबीरनं हीटर बंद केला, टेबलाभोवती ओली फडकी ठेवली, मला सूक्ष्मदर्शक आणून दिला. मी माझा कुंचला पर्समधून काढला. अडीच तास मी टेबलाची इंच इंच जागा पाहिली. थंडीनं बोटं वाकत नव्हती, मधून मधून राजबीर स्वतःच्या चहाचा ग्लास माझ्या हातात धरायला देई. शेवटी वजन केलं तेव्हा लागत होतं त्याच्यापेक्षा किंचित जास्तच भरलं. डॉ. कौल येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, पुरेल. तो एक शब्द ऐकून मी स्टुलावर बसले ती पाच मिनिटं उठलेच नाही.

त्यानंतर उरलेले तीन नमुने मी शाल न घेता, कुडकुडत, लांब उभी राहून पाहिले.

शुक्रवारी यंत्रावर चढवायचे आणि सकाळीच कळलं की यंत्राची एक नळी तुंबली आहे. ती उघडून, साफ करून, परत निर्वात करून घ्यायला तीन-चार दिवस. कुणाचा दोष नाही, असं होतं. मी मेननसरांना कळवलं. ते म्हणाले, थांबा, घाई नाही. त्यांना नसेल.

पानिपत

रविवारी विजय म्हणाले, चलो, पानिपत करून येऊ. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला ते नेतातच, आणि सुहासिनीला तिथून सोफ्यावर घालायला खेस, म्हणजे जाड सुती चादरी, आणायच्या होत्या. धुक्यात गाडी बैलगाडीच्या वेगानं निघाली. वाटेत मुरथलच्या ढाब्यावर थांबून मुळ्याचे पराठे खाल्ले, वर लिंबाएवढा पांढऱ्या लोण्याचा गोळा. आमच्याकडे कुणी पाहुण्याच्या पानात एवढं लोणी वाढलं तर पाहुणा संकोचेल. इथे वाढणाऱ्यानं माझा संकोच बघून आणखी एक गोळा घातला.

लढाईच्या जागी आता बाग आहे, मधोमध एक स्तंभ, भोवती कुंपण. कुंपणाबाहेर गव्हाची कोवळी शेतं आणि त्यांच्या बांधावर पिवळी सरसों. तिथल्या रखवालदारानं आमचं बोलणं ऐकून विचारलं, महाराष्ट्र से? त्याचं म्हणणं, तुमच्याकडची माणसं ओळखायला सोपी, इतर लोक इथे फोटो काढतात, तुम्ही आधी गप्प उभे राहता. मीही उभी राहिले. शाळेत त्या लढाईतल्या चुका पाठ केल्या होत्या, कोणी काय करायला हवं होतं ते. मला त्या दिवशी स्वतःच्या चुकीपलीकडे काही सुचत नव्हतं. एवढ्या मोठ्या जागी उभं राहून मी दोन पिशव्यांचा विचार करत होते आणि त्याची लाजही वाटत होती.

विजय स्तंभावरचा मजकूर ऋताला वाचून दाखवत होते. सुहासिनी आणि मी बाकावर बसलो. ती म्हणाली, तू आल्यापासून झोपत नाहीस, पलीकडच्या खोलीत मला कळतं. काय झालंय? मग मी सांगितलं. आईचा फोन, चिठ्ठ्या, दोन आणि तीन, सगळं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर आलं आणि बाहेर आल्यावर अगदी थोडं वाटलं, चार वाक्यांचं.

तिनं विचारलं, तुझ्या साहेबांना माहीत आहे? मी नाही म्हटलं. उत्तर काय येतंय ते बघून सांगेन.

ती बाकावर माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, “यंत्रानं सांगायच्या आधी सांग. उत्तर वाईट आलं आणि मग सांगितलंस, तर ते सांगणं नाही, पकडलं जाणं आहे. आणि चांगलं आलं तर तू कधीच सांगणार नाहीस. मी ओळखते तुला.”

खरं होतं ते. मी तिथूनच फोन लावला. रविवार, मेननसर घरी होते. मी म्हटलं, सर, दोन आणि तीन नंबरच्या चिठ्ठ्या मी बरोबर लावल्या याची मला खात्री नाही. त्या दिवशी आईचा फोन आला होता. मग ते म्हणाले, “हे तुम्ही मला आज सांगताय?”

“हो, सर.”

“दोन वर्षांनी.”

“हो.”

ठीक आहे, आधी वयं येऊ देत, मग बोलू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आवाज चढला नव्हता, पण इतका कोरडा मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. सुहासिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं होतं रडू येईल. त्याऐवजी सडकून भूक लागली. खेसांच्या दुकानात जायच्या आधी आम्ही रस्त्यावर तीळ-गुळाची गजक घेतली आणि परतीच्या वाटेवर मी एकटीनं अर्धं पाकीट संपवलं. त्या दिवशी संध्याकाळी आठला आडवी झाले ती थेट सकाळी ऋताच्या शाळेच्या गडबडीनं जागी झाले. उत्तर काय येणार ते अजून माहीत नव्हतं. तरी झोप लागली.

पुन्हा प्रयोगशाळा

मंगळवारी यंत्र सुरू झालं. एका चकतीत माझे पाच नमुने, त्यांच्याबरोबर वय माहीत असलेले काही आणि ज्यात किरणोत्सारी काहीच उरलेलं नाही असा कोळसा, असे एकापाठोपाठ एक फिरत राहिले. आपण एका खिडकीतून पडद्यावरचे आकडे वाढताना बघायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. राजबीर म्हणाला, कच्चे आकडे बघू नका, मन भटकतं. त्यानं मला बाहेर पिटाळलं. दोन दिवस मी आवारातल्या कडुलिंबाखाली बसून होते. कर्मचारी दुपारी तिथेच डबे घेऊन येत, मला न विचारता माझ्या हातात पोळी देत. आमच्या संस्थेत प्रत्येकजण आपल्या टेबलाशी जेवतो. इथे कुणाचा डबा कुठला ते शेवटी कळेनासं होतं.

गुरुवारी दुपारी डॉ. कौलनी बोलावलं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, मी उभीच राहिले. कागदावर पाच ओळी होत्या. त्यांनी आधी सांगितलं की हे आकडे अजून दुरुस्त करायचे आहेत, तिथल्या समुद्राचं खोल पाणी मुळातच जुनं, त्यामुळे काल मेलेला जीवसुद्धा हजारेक वर्षांचा भासतो, तेवढं पाचांतूनही वजा होईल. मी मान हलवली. मला ते माहीत होतं आणि मला ते नको होतं. मग त्यांनी बोट ठेवून वाचलं. पहिला. त्याहून जुना दुसरा. त्याहून जुना तिसरा. चौथा. पाचवा.

मी म्हटलं, दुसरा परत वाचा. त्यांनी वाचला. दुसरा तिसऱ्यापेक्षा तरुण होता, आणि थोडाथोडका नव्हे. यंत्राच्या चुकीला वाव राहील असा नव्हे.

चिठ्ठ्या बरोबर होत्या.

मी खुर्चीत बसले. डॉ. कौलना कसली कल्पना नव्हती, त्यांनी विचारलं की बरं वाटत नाही का. मी म्हटलं, खूप बरं वाटतंय. राजबीर दारात उभा होता. त्याला मी जरा जास्तच वेळ बसलेली दिसले असेन, तो पाणी घेऊन आला आणि काही न विचारता ग्लास हातात दिला.

मेननसरांना फोन लावला. आकडे वाचून दाखवले. त्यांनी सावकाश परत वाचायला सांगितलं, पलीकडे पेन्सिलचा आवाज येत होता. मी वाट बघत होते की आता रविवारचा विषय निघेल. ते म्हणाले, “म्हणजे दुसऱ्या थरातला गाळ खोटं बोलत होता आणि कवचं खरं.”

मी हो म्हटलं.

“पण एकाच थरात का? बाकी चार थरांत जुनी माती एवढी नाही. मग दुसऱ्या थराच्या वेळी ती कुठून आली?” त्यांचा आवाज आता माझ्याशी बोलत नव्हता, त्या गाळाशी बोलत होता. “बर्फ पुढे सरकला असणार. तळ खरवडत पुढे आला असणार आणि जुनी जमीन त्यानं इथे आणून टाकली. आपण तो थर फेकून द्यायला निघालो होतो. त्यातच सगळं आहे.”

दोन वर्षं मी ज्याला माझा घोटाळा समजत होते तो एका बर्फाच्या पडवीचा प्रवास होता. आमच्यापैकी कुणीही जन्माला आलेलं नव्हतं तेव्हा ती आपल्या वाटेनं काही अंतर पुढे सरकली होती, एवढंच.

फोन ठेवण्यापूर्वी ते म्हणाले की चिठ्ठ्यांबद्दल मला जी शंका होती तीही अहवालात लिहायची, आणि ती कशी फिटली तेही, माझ्याच शब्दांत. मग थांबून म्हणाले, रविवारी मी नीट बोललो नाही. मी म्हटलं, तुम्ही बरोबर बोललात. परत कधी येताय, असं त्यांनी विचारलं. मी वीस वर्षांत पहिल्यांदा कामाशिवाय एक दिवस मागितला.

लोदी बाग

दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. सुहासिनीनं विचारलं, काय बघायचंय, सांग, मी सुट्टी घेते. मी म्हटलं, मला एकटीला जाऊ दे. घरापासून जवळ म्हणून लोदी बागेत गेले. जुन्या घुमटांच्या इमारती आहेत तिथे, त्यांची नावं मी वाचली आणि विसरले. मी बघत राहिले ती माणसं. कामाचा दिवस, सकाळचे साडेअकरा, आणि हिरवळीवर जिकडेतिकडे लोक उन्हात पडलेले. आजोबा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडलेले. दोन बायका मटार सोलत होत्या. टाय लावलेला एकजण बूट काढून पालथा झोपला होता. आमच्याकडे कुणी उन्हात बसत नाही. ऊन म्हणजे चुकवायची गोष्ट, सावलीसावलीनं चालायचं, आणि भरदिवसा चारचौघांत कुणी आडवं झालं तर लोक पाणी मारायला धावतील.

मी आधी बसले. मग पाय पसरले. पाठीवर ऊन आलं, मोजे काढले, गवत गार होतं आणि वरून ऊब. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी पर्स डोक्याखाली घेतली, पदर तोंडावर ओढला आणि पडून राहिले. मटार सोलणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, कुणाच्या तरी लग्नाचं, मग ते लांब गेलं.

जाग आली तेव्हा ऊन सरकून माझ्या पायांवर गेलं होतं. मी उठून शाल झटकली, उन्हाच्या दिशेनं चार पावलं पुढे गेले आणि पुन्हा आडवी झाले.